दुरुस्ती की बदली?

फौजेत कुठलीही वस्तू आपल्या आपण मरत नाही. तिच्यावर आधी बोर्ड बसतं. सिव्हिल वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. 'बोर्ड ऑफ ऑफिसर्स' म्हणजे तीन-चार जणांची समिती. एक प्रिसायडिंग ऑफिसर, दोन मेंबर, आणि गरजेप्रमाणे एखादा जाणकार. घोंगडीपासून जनरेटरपर्यंत काहीही असो, बोर्डानं ती वस्तू डोळ्यांनी पाहायची, नोंदवायची, आणि शेवटी सांगायचं की ती दुरुस्त होईल की 'बीईआर' आहे. बीईआर म्हणजे 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर', दुरुस्तीपेक्षा टाकून देणं स्वस्त. ज्यांनी पंचवीस वर्षं वर्दी घातली आहे त्यांनी अशा बोर्डांवर किती सह्या केल्या असतील याचा हिशेब ठेवला नसेल. मीही ठेवलेला नाही. पण एक बोर्ड लक्षात राहिलं, कारण त्यानं मला शंभर वर्षं मागं नेलं.

धौलाधारच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात आमचं स्टेशन होतं. स्टेशनचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथल्या दोन जुन्या इमारती पावसाळ्यात गळत होत्या. एक लांबलचक बराक, तिच्यात अठ्ठावीस जवान झोपत. दुसरी तिच्या वरच्या अंगाला असलेली छोटी इमारत, पूर्वीची रीडिंग रूम. आता तिच्यात पुस्तकांची चार कपाटं, कॅरम आणि जुन्या शिल्डांची रांग. दोन्हींवर स्लेटची छपरं. काळपट करडा दगड, पावसात भिजला की निळसर दिसायचा. स्टेशनला येणारा प्रत्येक पाहुणा पहिला फोटो याच छपरांचा काढायचा, मागं बर्फाचे डोंगर घेऊन.

बोर्डापुढचा प्रश्न एका ओळीचा होता: दुरुस्ती की बदली? (आमच्या जमातीला 'बदली' या शब्दाची वेगळीच धास्ती, पण इथं विषय छपराचा आहे.)

स्लेट म्हणजे काय ते आधी पाहू, कारण आपल्याकडे स्लेट म्हटलं की शाळेची पाटी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पाटीचाच दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी बसलेला चिखल, त्याचा झाला मऊ खडक, आणि डोंगर उचलले जाताना त्यावर जो दाब आला त्यानं त्याची स्लेट झाली. त्या दाबामुळे दगडाला एक ठरावीक दिशा मिळते. त्या दिशेनं छिन्नी लावून हलका ठोका दिला की वहीचं पान सुटावं तसा पापुद्रा सुटतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात हा गुण नाही. म्हणून आपण त्याचे किल्ले बांधले, छपरं मात्र गवताची, माळवदाची, नाहीतर कौलांची केली.

कांगड्यात हा दगड धरमशालेला लागून असलेल्या खनियाऱ्याच्या डोंगरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'कांगडा व्हॅली स्लेट कंपनी' तिथं उभी राहिली. इंग्रजांना छावण्यांसाठी, बंगल्यांसाठी, कचेऱ्यांसाठी न जळणारं छप्पर हवं होतं. वेल्सच्या स्लेटची सवय असलेल्या माणसांना हिमालयात घरचा दगड सापडल्यासारखं झालं असणार. पठाणकोट ते जोगिंदरनगर ही छोटी रेल्वे 1929 साली सुरू झाली, तीही मुळात उहल नदीवरच्या वीज प्रकल्पाचं सामान वाहायला. तोवर हा दगड खेचरांच्या पाठीवर आणि बैलगाड्यांतून उतरायचा. हळूहळू गावकऱ्यांनीही गवत काढून स्लेट चढवली. आजही त्या भागातल्या सरकारी कागदात 'स्लेटपोश मकान' हा शब्द दिसतो. नुसता शब्द वाचला तरी घरात बऱ्यापैकी चाललं आहे हे कळतं.

नंतर खाणी आकसत गेल्या. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला, 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं जंगलजमिनीवरच्या बिगर-जंगल कामांना केंद्राच्या परवानगीशिवाय मनाई केली, आणि डोंगर पोखरणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. डोंगराच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण त्यामुळे छपराचा प्रश्न बदलला. आजोबांच्या काळी फुटलेल्या स्लेटच्या जागी नवी मिळत होती. आता मिळते ती महाग, वेगळ्या जाडीची, कधी वेगळ्या रंगाची.

आम्ही शिडी लावून वर गेलो. बरोबर एमईएसचा ज्युनिअर इंजिनिअर, आमच्या बोर्डावरचा सॅपर मेजर, आणि खनियाऱ्याचा एक म्हातारा मिस्त्री. मिस्त्री अनवाणी चढला. छपराला आडवी शिडी टाकून त्यावर पसरला आणि बोटाच्या पेरानं एकेक स्लेट वाजवत गेला, कुंभाराकडे आपण माठ वाजवून घेतो तशी. चांगली स्लेट खणखणते. आतून सुटलेली, पाणी प्यायलेली स्लेट बद्द वाजते. दहा मिनिटांत त्यानं निकाल दिला: "साबजी, पत्थर ठीक है. कील मर गई है."

छप्पर म्हातारं झालं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं काय म्हातारं झालं हा खरा प्रश्न असतो. कोकणातल्या वाचकांना शाकारणी ठाऊक आहे. मे महिन्यात माणूस वर चढतो, कौलं सरकवतो, फुटकी काढतो, नवी बसवतो. मंगलोरी कौल रीपेवर नुसतं अडकवलेलं असतं, म्हणून ते जमतं. स्लेट अडकवलेली नसते, ठोकलेली असते. प्रत्येक स्लेटला वरच्या बाजूला दोन भोकं, त्यांतून खिळे, आणि ते खिळे झाकणारी वरची स्लेट, तिचे खिळे झाकणारी तिच्या वरची. खिळा कधीच उघडा पडत नाही, म्हणून पाणी आत जात नाही. आणि खिळा कधीच दिसत नाही, म्हणून तो गंजला हे कुणाला कळत नाही. धरमशालेच्या बाजूला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस. दगडाला त्याचं काही नाही. लोखंडी खिळा मात्र पन्नास-साठ वर्षांत सुईसारखा बारीक होतो, डोकं उडतं, आणि धडधाकट स्लेट एका वादळी रात्री सरकून अंगणात पडते. इंग्रज कारागीर याला 'नेल सिकनेस' म्हणत, खिळ्यांचं दुखणं.

आमच्या छपरावर या दुखण्यावरच्या सगळ्या जुन्या इलाजांच्या खुणा होत्या. कुठं पत्र्याची पट्टी वाकवून स्लेट आकड्यासारखी धरलेली. तो इलाज चांगला. कुठं फटीत सिमेंट थापलेलं. तो वाईट, कारण सिमेंट तडकतं, त्यात पाणी साठतं आणि खालची रीप कुजते. कुठं डांबर ओतलेलं. तो सगळ्यात वाईट, कारण डांबर लागलेली स्लेट पुन्हा काढून वापरता येत नाही. प्रत्येक इलाजाच्या वेळी कुणीतरी घाईत असणार, पावसाळा तोंडावर असणार, आणि बजेट मार्चमध्येच संपलेलं असणार.

मोजणी केली तेव्हा बराकीच्या दक्षिणेकडच्या पाखीवर दर पाचातली एकपेक्षा जास्त स्लेट फुटलेली, सरकलेली किंवा गायब होती. उत्तरेकडची त्याहून बरी. रीडिंग रूमचंही तसंच. सॅपर मेजर तयारीचा माणूस. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची स्लेटच्या छपरांवर 1992 सालची एक पुस्तिका आहे, ती त्यानं काढली. तिच्यात ढोबळ नियम दिला आहे: एखाद्या पाखीवरच्या 20 टक्के किंवा त्याहून जास्त स्लेट खराब असतील, तर एकेक दुरुस्त करत बसण्यापेक्षा छप्पर नव्यानं घालणं बहुधा स्वस्त पडतं. "सर, दोन्ही इमारती बीईआर. काढा आणि पत्रा टाका." हिशेब चोख होता.

माझं मन दुसरीकडे ओढत होतं. जुन्या वास्तूंचं मला वेड आहे हे या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहे. शिवाय तो नियम लिहिणाऱ्यांच्या देशात मजुरी महाग. आमच्याकडे मिस्त्री होता, हात होते, आणि चार-पंचमांश दगड अजून खणखणत होता. मी म्हटलं, खिळे बदलू, रीपा बदलू, छप्पर तेच ठेवू. दोन्ही इमारतींवर.

बोर्डाचे तिसरे मेंबर होते सुभेदार साहेब, गढवालचे. दिवसभर फारसं बोलले नव्हते. खाली उतरल्यावर बराकीच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, छत का तो देख लिया. दीवार का भी देख लें. इसमें लड़के सोते हैं."

तिथून माझा अभ्यास छपरावरून भिंतीकडे आणि भिंतीवरून 1905 सालाकडे गेला.

4 एप्रिल 1905. सकाळचे सहा वाजून सुमारे वीस मिनिटं. कांगड्यात एप्रिलमध्ये त्या वेळी अजून थंडी असते, माणसं घरातच असतात. सुमारे 7.8 तीव्रतेचा धक्का बसला. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, पन्नास हजारांहून जास्त जनावरं, आणि लाखभर घरं. कांगड्याचा किल्ला, ज्याच्यासाठी गझनीच्या महमूदापासून रणजितसिंहापर्यंत सगळे लढले, तो काही क्षणांत भग्न झाला. वज्रेश्वरीचं देऊळ कोसळलं. धरमशालेत गुरखा पलटणींच्या दगडी बराकी झोपलेल्या माणसांवर बसल्या. जिल्ह्याचं ठाणं डोंगरावरून खाली कोतवाली बाजाराच्या बाजूला उतरलं, ते परत वर गेलं नाही. लाहोरहून लाला लजपतराय मदतीची पथकं घेऊन आले. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या चार्ल्स मिडलमिसनं सगळा मुलूख पालथा घालून नुकसानीचे पट्टे नकाशावर मांडले, त्याचा मोठा ग्रंथ 1910 साली निघाला.

वर मॅक्लिओडगंजच्या वाटेवर देवदारांत 'सेंट जॉन इन द विल्डरनेस' हे 1852 चं चर्च आहे. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन 1863 साली धरमशालेत वारला, त्याची कबर तिथं आहे. चर्चच्या भिंती भूकंपात टिकल्या, घंटाघर पडलं. 1915 साली इंग्लंडमध्ये ओतलेली नवी घंटा आज आवारात, जवळजवळ जमिनीलगत टांगलेली आहे. एका रविवारी तिथं गेलो होतो तेव्हा त्या घंटेपाशी बराच वेळ थांबलो. उंच, जड आणि दगडी ते पडलं, बुटकं ते राहिलं. पुन्हा उंचावर काही चढवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

मग हिशेब मांडला. स्लेटची घनता घनमीटरला साधारण 2700 ते 2800 किलो. हातानं फोडलेली डोंगरी स्लेट सेंटिमीटरभर जाड धरली, तर चौरस मीटरला 27-28 किलो. पण स्लेट एकावर एक चढवून बसवतात, त्यामुळे छपरावर कुठंही किमान दोन थर असतात. म्हणजे 55 ते 60 किलो. लोखंडी पन्हळी पत्रा चौरस मीटरला पाच-सहा किलो. आमच्या बराकीच्या दोन्ही पाखी मिळून तीनशे चौरस मीटरच्या आसपास. याचा अर्थ अठ्ठावीस जवानांच्या डोक्यावर, लाकडाचं वजन सोडून, सतरा-अठरा टन दगड. पत्रा घातला तर पावणेदोन टन. भूकंपात जमीन आडवी हलते, आणि वजन जितकं जास्त तितका भिंतीवर येणारा आडवा झोक जास्त. कांगडा खोरं आमच्या भूकंपाच्या नकाशात पाचव्या झोनमध्ये होतं, तेव्हा त्याच्या वर झोन नव्हता.

इथं कुणी म्हणेल, मग झालं की, पत्राच. पण इतिहास इतका सरळ उत्तर देत नाही. कांगड्याच्या शेजारी कुलू. तिथं ब्यास नदीच्या काठावर नग्गरचा गढीवजा राजवाडा आहे, सुमारे पाचशे वर्षांचा. त्याच्यावरही स्लेट आहे, आमच्यापेक्षा जड. 1905 चा हादरा कुलूलाही जबरदस्त बसला होता. नग्गर उभा राहिला, आजही आहे. त्याच्या भिंती काठकुणी पद्धतीच्या: एक थर देवदारच्या तुळया, एक थर दगड, पुन्हा तुळया. कोपऱ्यांत तुळया एकमेकींत अडकवलेल्या. दगडांत चुना-माती नाही. भिंत हलते तेव्हा ती कुरकुरते, सरकते, थोडी घासते, आणि पुन्हा आपल्या जागी बसते. लाकूड तिला पसरू देत नाही. त्या डोंगराळ राजांच्या सुतारांना झोन पाच हा शब्द माहीत नव्हता, पण जमीन हलते हे पक्कं माहीत होतं.

म्हणजे मारतो तो दगड छपराचा की भिंतीचा? याचं उत्तर मला खरं तर कांगड्यात शोधायची गरज नव्हती. मराठी माणसाला ते किल्लारीनं दिलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची रात्र. मी तेव्हा शाळेत होतो. वर्तमानपत्रांतली ती छायाचित्रं माझ्या पिढीच्या डोक्यातून जायची नाहीत. कांगड्याच्या मानानं तीव्रता कितीतरी कमी, सुमारे 6.2. तरी लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं झोपेत गेली. घरं कशी होती? दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, गोल-वेड्यावाकड्या दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर फूट-दोन फूट मातीचं माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं. भिंत जाड म्हणजे मजबूत असं आपण समजतो. पण अशी भिंत एक नसते, दोन असतात: आतला पापुद्रा आणि बाहेरचा, मध्ये खडे-मातीचं भरताड. हादऱ्यात दोन पापुद्रे एकमेकांपासून फुगून सुटतात, भिंत पोटातून फुटते, आणि वरचं सगळं वजन खाली येतं.

आमच्या बराकीच्या भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात फोडला तेव्हा आत नेमकं तेच दिसलं. खड्डच्या पात्रातले गुळगुळीत गोल धोंडे, चुना कमी, माती जास्त. (तिकडे ओढ्याला खड्ड म्हणतात.) आरपार जाणारा एकही लांब दगड नाही. सुभेदार साहेबांनी एका धोंड्याला अंगठ्यानं ढकललं, तो हलला. कुणी काही बोललं नाही.

रीडिंग रूमचा गिलावा फोडला तर आत वेगळीच गोष्ट. लाकडाची चौकट, उभे खांब, आडवे, तिरपे, आणि मधल्या चौकटींत बारीक दगड मातीत भरलेले. याला तिकडे 'धज्जी' म्हणतात, चिंध्यांच्या गोधडीसारखी भिंत. शिमल्यात अशा इमारती रांगेनं आहेत. पातळ, हलकी, दिसायला कच्ची, पण लाकडाच्या चौकटीत बांधलेली. एमईएसच्या नोंदवहीत दोन्ही इमारतींच्या बांधकामाच्या सालापुढं एकच शब्द होता: 'जुनी'. माझा अंदाज असा की रीडिंग रूम 1905 नंतरची असावी, ज्यांनी बराकी पडताना पाहिल्या होत्या अशा कुणीतरी बांधलेली. बराक त्याहून उशिरा, बहुतेक युद्धाच्या धामधुमीत, जेव्हा लवकर छप्पर उभं करणं महत्त्वाचं होतं आणि पाहणारे सगळे निवृत्त झाले होते. हा अंदाजच. पण भिंती वाचल्या तर त्या असंच सांगत होत्या.

एक गोष्ट मला शिलाँगच्या पोस्टिंगमुळे ठाऊक होती. तिथं 12 जून 1897 ला, कांगड्याच्या आठ वर्षं आधी, आठाच्या वरचा भूकंप झाला. दगडी इमारत म्हणून जे काही होतं ते आडवं झालं. तरी मृत्यू दीड हजारांच्या आसपासच, कारण वेळ संध्याकाळी सव्वापाचची, माणसं बाहेर होती. त्यानंतर त्या मुलखानं जे घर स्वीकारलं त्याला 'आसाम टाइप' म्हणतात: लाकडी सांगाडा, इकडा नावाच्या बोरूच्या भिंती वर गिलावा केलेल्या, आणि पत्र्याचं छप्पर. मी अशा घरात दोन वर्षं राहिलो. चेरापुंजीच्या शेजारी पत्र्याखाली झोपणं म्हणजे ढोलपथकाच्या सरावात झोपणं. पण एका रात्री धक्का बसला, घर बोटीसारखं डुललं, आणि सकाळी शेल्फवरचा एक कप सोडता काही पडलेलं नव्हतं. पत्र्याबद्दलचा माझा तुच्छभाव तिथंच थोडा कमी झाला होता.

तर बोर्डासमोरचा प्रश्न पुन्हा मांडला. दोन छपरं सारखी, दगड सारखा, खिळ्यांचं दुखणं सारखं. वीस टक्क्यांचा नियम दोन्हींना सारखाच लागू. पण एका छपराखाली रात्रभर अठ्ठावीस माणसं झोपतात आणि भिंत अंगठ्यानं हलते. दुसऱ्याखाली रात्री कुणी नसतं आणि भिंत लाकडानं बांधलेली आहे. मग उत्तर सारखं कसं असेल?

बराक: स्लेट उतरवायची, पत्रा घालायचा. पण नुसता पत्रा नाही. छप्पर हलकं झालं की भिंतीवरचा भार कमी होतो, भिंत मात्र तीच राहते. म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा, आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळी घालून काँक्रीट भरायचं, दोन्ही पापुद्रे एकमेकांना शिवायचे. ही युक्ती किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या उरलेल्या दगडी घरांवर वापरली गेली होती. हिमालयातल्या बराकीच्या कागदात लातूरचं नाव लिहिताना मला कसंसंच झालं. आणि पत्र्याखाली फळ्यांची तक्तपोशी, वर थंडी आणि आवाज अडवणारा थर, नाहीतर जुलैत जवानांना रोल कॉलही ऐकू येणार नाही.

रीडिंग रूम: स्लेट ठेवायची. सगळी उतरवून, वाजवून, चांगली परत चढवायची. रीपा नव्या, देवदारच्या, वाळवी-कुजीचं औषध मारलेल्या. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. जुनं लोखंड एकही परत जाणार नाही. कैच्या भिंतीच्या चौकटीला लोखंडी पट्ट्यांनी बांधायच्या.

आणि रीडिंग रूमला कमी पडणारी स्लेट कुठून आणायची? बराकीवरून. तोच दगड, तीच खाण, तीच जाडी, शंभर मीटरवर. ही कल्पना मिस्त्रीची. आम्ही तिघं तासभर नव्या स्लेटच्या दरांवर वाद घालत होतो, तो विडी विझवून म्हणाला, "नीचे वाला ऊपर डाल दो ना साबजी."

सह्या सहज झाल्या असं नाही. सॅपर मेजरचं म्हणणं, दोन इमारतींना दोन न्याय लावले तर ऑडिटवाले विचारतील. एकाच टक्केवारीवर एक बीईआर आणि दुसरी रिपेअर कशी? त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. उत्तर म्हणून आम्ही भिंतींचे फोटो जोडले आणि एक परिच्छेद 1905 वर लिहिला. वरून एक शेरा आला, "इतिहास कशासाठी?" त्यावर मेजरनंच उत्तर लिहिलं, माझ्यापेक्षा चांगलं: मजकूर इतिहास नसून साइट डेटा आहे. दुसऱ्या बाजूनं काही ज्येष्ठांची नाराजी. बराकीचं छप्पर स्टेशनची शान होती, मंडळींच्या लग्नाच्या अल्बमात ते होतं. एका निवृत्त कर्नल साहेबांनी मला फोनवर स्पष्ट सुनावलं. मी ऐकून घेतलं. त्यांनी त्या बराकीत सबाल्टर्न म्हणून ड्युटी केली होती, त्यांचा हक्क होता. पण त्या छपराखाली आता ते झोपत नव्हते.

त्याच परिसरात सिद्धबाडीला दीदी कॉन्ट्रॅक्टर राहत. मूळच्या अमेरिकेच्या, एके काळी मुंबईला जुहूला राहिलेल्या, नंतर आयुष्यभर कांगड्यात माती, बांबू आणि स्लेटची घरं उभारली. 2019 साली त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, 2021 साली त्या गेल्या. त्यांची घरं बाहेरून पाहिली आहेत. मातीच्या भिंतीवर स्लेट इतकी हलकी दिसते की वजनाचा विसर पडतो. स्लेटचं छप्पर जुनाट म्हणून टाकून देण्याच्या लायकीचं नाही, हे पटायला तिथं एक चक्कर पुरे. मला कुणी स्लेटचा शत्रू समजू नये म्हणून हे सांगितलं.

काम मार्चच्या शेवटी सुरू झालं, पावसाळ्याच्या आत संपवायचं होतं. जवानांनी तंबूत मुक्काम हलवला. मिस्त्री आणि त्याचे दोन पुतणे वरून स्लेट सोडवायचे, खाली साखळी करून उभे असलेले जवान हातोहात द्यायचे. प्रत्येक स्लेट वाजवून खडूची खूण: फुली म्हणजे बाद, गोल म्हणजे वर जायची. दोन दिवसांत पोरांचे कान इतके तयार झाले की मिस्त्रीनं वाजवायच्या आधीच कुणीतरी ओरडायचं, "फेल!" काही स्लेटच्या पाठीवर, जी बाजू कधीच उजेडात आली नव्हती, तिच्यावर छिन्नीनं कोरलेले आकडे सापडले. बहुधा मापाच्या किंवा हिशेबाच्या खुणा. एकीवर गुरमुखी अक्षरं होती. त्या स्लेट आम्ही बाजूला काढल्या नाहीत. त्याही पुन्हा पालथ्या घालून ठोकल्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रीडिंग रूमचं शेवटचं आढं बंद झालं. बराकीचा पत्रा त्याच्या दहा दिवस आधीच चढला होता, हिरवा रंग दिलेला. दूरून पाहिलं तर शाळेसारखी दिसायला लागली. उरलेल्या गोल खुणेच्या स्लेट, सहाशे आणि काही, मागच्या शेडमध्ये उभ्या लावून ठेवल्या. आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. सुभेदार साहेबांनी त्या मोजून घेतल्या आणि लेजरवर चढवल्या: 'स्लेट, छताची, वापरलेली, सर्व्हिसेबल'.